युनियन काढायची आहे? आधी एक दोनशे पानी वही घ्या

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत नाहीतर गोकुळ शिरगावला कुणी 'युनियन काढूया' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, झेंडा कुठला लावायचा. दुसरा, गेट मीटिंगला बोलायला कुणाला आणायचं. मी फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासायच्या खात्यात, ग्राइंडर धरून सुरुवात केली, पुढं अकरा वर्षं युनियनचा सेक्रेटरी होतो. माझं उत्तर दरवेळी एकच असतं: आधी एक दोनशे पानी वही घ्या. झेंडा अर्ध्या दिवसात शिवून मिळतो. वहीत जे भरायचं असतं त्याला दोन-तीन महिने जातात, आणि ते न भरता गेटवर गेलेल्या युनियन मी पहिल्या दिवाळीच्या आत मोडलेल्या बघितल्यात.

त्यातली एक आमचीच. सोळा जणांनी साध्या कागदावर मागण्या लिहिल्या, खाली सह्या केल्या, सहीपुढं हौसेनं टोकन नंबरही टाकले आणि कागद ऑफिसात नेऊन दिला. चौथ्या दिवशी वरच्या चौघांची खाती बदलली. ठेकेदाराच्या दोघांना गेटवरच 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगितलं. आम्ही तणतणत कामगार ऑफिसला गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही कुणाच्या वतीनं बोलताय? नोंदणी? सभासद किती? पावत्या?" आमच्याकडं यातलं काहीच नव्हतं. सह्यांचा कागद म्हणजे आम्ही मालकाला आपल्या हातानं करून दिलेली यादी होती.

म्हणून हा लेख क्रमानं लिहितोय. कायदाही आता बदललाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. ट्रेड युनियन कायदा १९२६, स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा आणि औद्योगिक विवाद कायदा १९४७ या तिघांच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली. जुनी मंडळी अजून १९४७ च्या कायद्यातल्या कलमांवरून 'टू-पीचा करार', 'बारा-तीनचा करार' असंच बोलतात. बोलू द्या, पण अर्जावर जुनी कलमं लिहू नका. आणि महाराष्ट्राचा १९७१ चा युनियन मान्यता व अनुचित प्रथांचा कायदा रद्द केलेल्या या तिघांत नाही. त्यामुळं अनुचित प्रथेची तक्रार करायची वेळ आली तर कुठल्या दारातून जायचं ते कामगार न्यायालयात रोज उभं राहणाऱ्या वकिलाला विचारूनच ठरवा.

वहीची पहिली वीस पानं: माणसं मोजणं

प्रत्येक खात्याला एक पान द्या. मेल्टिंग, मोल्डिंग, कोअर शॉप, शेकआउट (साचा फोडून माल काढायची जागा), फेटलिंग, मशीन शॉप, मेंटेनन्स, डिस्पॅच, कॅन्टीन. प्रत्येक पानावर चार रकाने: पर्मनंट, फिक्स टर्म, ट्रेनी, ठेकेदाराचे. शिफ्टप्रमाणं आकडे लिहा, नावं नकोत. वही हरवते, आणि हरवलेली वही नेमकी केबिनमध्ये सापडते.

हा हिशेब कशाला, तर पुढचं सगळं टक्केवारीवर चालतं. नोंदणीला टक्का, मान्यतेला टक्का. गेटवर चारशे डोकी दिसतात, पण मस्टरवर कितीजण आहेत ते कुणाला माहीत नसतं. मेंटेनन्सचा माणूस सगळ्या खात्यांत फिरतो, कॅन्टीनवाल्याला रोजची ताटं माहीत असतात. या दोघांना धरलं की आकडा जुळतो.

एक भानगड इथंच बघून ठेवा. काही ठिकाणी चांगल्या ऑपरेटरला 'ऑफिसर' नाहीतर 'सुपरवायझर' असं पत्र दिलं जातं, पगार दोन-तीनशेनं वाढतो आणि गडी युनियनबाहेर जातो. संहितेत महिना अठरा हजारांच्या वर पगार असलेला पर्यवेक्षक 'कामगार' धरला जात नाही. पण पत्रावर काय लिहिलंय यापेक्षा माणूस दिवसभर प्रत्यक्षात काय करतो याला वजन असतं. रजा मंजूर करतो का? कुणाला मेमो देतो का? की सकाळपासून संध्याकाळपर्यंत मशीनच चालवतो? अशांचं रोजचं काम तारखेसह टिपून ठेवा.

सात माणसं

अर्जाला सात सभासद लागतात. ते निवडताना सगळ्यात मोठ्यानं बोलणारे सात घेऊ नका. मोठ्यानं बोलणारा आपोआप येतोच, त्याला बोलवावं लागत नाही. मला लागायचे ते असे: सगळे ज्याच्याकडं उसने पैसे मागतात तो एक, अक्षर बरं असलेला एक, भट्टीवरचा एक जुना माणूस, आणि ठेकेदाराच्या माणसांत उठबस असलेला एक. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची पोरं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांना वगळून काढलेली युनियन अर्ध्या शॉपची. पत्रक मराठीत काढाल तसं हिंदीतही काढा.

बसायला जागा गावात शोधा. तालमीची खोली, देवळाचा हॉल, कुणाच्या तरी रानातलं शेड. कारखान्याच्या आवारात नको, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. आमच्या ग्रुपवरचा स्क्रीनशॉट एच.आर.च्या टेबलावर चहा निवायच्या आत पोचला होता.

नोंदणी

कारखान्यातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद हवेत, आणि कुठल्याही परिस्थितीत किमान सात. म्हणजे २४० कामगार असतील तर २४, दीड हजार असतील तर १००, आणि चाळीसच असतील तर दहा टक्के चार होतात, पण सात लागतातच. हा आकडा नोंदणीनंतरही टिकवावा लागतो. काठावर चोवीस घेऊन अर्ज करू नका. त्यातल्या तिघांना उचललं की संपलं.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, युनियनची घटना, ती घटना मंजूर केल्याचा ठराव आणि अर्ज करायचा अधिकार या सात जणांना दिल्याचा ठराव लागतो. अर्जाचे नमुने आणि फी कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या. दुसऱ्या युनियनची पाच वर्षांपूर्वीची झेरॉक्स आणून नाव बदलू नका.

घटनेत नाव, उद्देश, निधी कशावर खर्च करायचा, सभासद कसं व्हायचं, वर्गणी किती, वार्षिक सभा, हिशेबतपासणी, युनियन बंद झाली तर पैशाचं काय, हे सगळं येतं. पदाधिकाऱ्यांची निवडणूक दर दोन वर्षांनी. हे कलम लोक घाईत वाचतात आणि पुढं सहा वर्षं एकच अध्यक्ष राहतो. मग कंपनीच हरकत घेते की कार्यकारिणीची मुदत संपलेली आहे, सही चालणार नाही.

बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, यातला कमी आकडा, एवढेच ठेवता येतात. बाहेरचा माणूस असावा की नसावा यावर आमच्याकडं चहाच्या गाड्यावर मारामाऱ्या होतील. माझं मत: एक असावा. आतला माणूस ओव्हरटाइम, बदली, रजा यांना बांधलेला असतो. बाहेरच्याला तो फास नसतो. याच गावात कॉम्रेड गोविंद पानसरे वकिली करत करत वर्षानुवर्षं कष्टकऱ्यांच्या संघटना चालवत होते, त्यांना कुणी 'बाहेरचा' म्हटलं नाही. पण बाहेरच्या पुढाऱ्याच्या हातात कोरं लेटरहेड आणि शिक्का देऊन घरी जाऊ नका. आयटक, सिटू, इंटक, बीएमएस, हिंद मजदूर सभा या देशपातळीवरच्या संघटनांतल्या कुणाशी जोडून घ्यायचं की स्वतंत्र राहायचं, हे सभेत ठरवा आणि ठरावात लिहा. फायदा वकिलाचा आणि अनुभवाचा होतो. बदल्यात त्यांचे मोर्चे, त्यांचे बंद आणि त्यांची वर्गणी पत्करावी लागते.

पैसा

महिना पन्नास रुपये वर्गणी आणि १३० सभासद धरले तर ६,५०० रुपये. रक्कम छोटी वाटते, पण मी युनियन फुटताना बघितल्या त्या बहुतेक एवढ्याच पैशावर. छापील नंबर आणि कार्बन असलेलं पावती पुस्तक, बँकेत दोन सह्यांचं खातं, आणि दर महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डावर. चहाचे १८० रुपयेसुद्धा लिहा. पावत्यांचा दुसरा उपयोग जास्त मोठा: उद्या बहुमत कुणाचं असा वाद आला तर भाषणं कुणी विचारत नाही, पावत्या विचारतात.

मालकाला पहिलं पत्र

नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं की लगेच मागणीपत्र द्यायची घाई होते. थांबा. पहिलं पत्र फक्त ओळखीचं. युनियनचं नाव, नोंदणी क्रमांक, पदाधिकाऱ्यांची नावं, आणि एक ओळ: कामगारांच्या प्रश्नांवर चर्चेसाठी वेळ द्यावी. त्यात शिवी नको, इशारा नको, 'अन्यथा' हा शब्द नको. त्याच पत्रासोबत पदाधिकाऱ्यांना संरक्षित कामगार म्हणून मान्यता मागा. प्रकरण चालू असताना त्यांना कामावरून काढणं मग कंपनीला सोपं राहत नाही.

इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय पत्र दिलं असं समजू नका. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपा.

मालकाच्या बाजूनंही एक सांगतो, कारण हा लेख उद्यमनगरातला एखादा छोटा कारखानदारही वाचेल. कोल्हापुरातले बरेच मालक स्वतः लेथवरनं वर आलेत. त्यांना युनियनचं पत्र आलं की ते घरच्या माणसानं पाठीत खुपसल्यासारखं लागतं. 'मी यांच्या पोरींच्या लग्नाला पैसे दिले' हे वाक्य मी चार वेगवेगळ्या केबिनमध्ये ऐकलंय, आणि चारही जण खरं बोलत होते. पण लग्नाला दिलेले पैसे आणि पगाराची पट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र आल्यावर युनियनमध्ये जाणाऱ्याला नोकरीची धमकी देणं, आपल्या मर्जीतली दुसरी युनियन उभी करणं, युनियन उभी राहत असतानाच ती मोडायला अचानक पगार वाढवणं, या गोष्टी कायद्यात अनुचित प्रथांच्या यादीत बसतात. त्याच यादीत युनियनच्याही आहेत: मुद्दाम काम हळू करणं, घेराव, मालकाच्या किंवा साहेबांच्या घरासमोर निदर्शनं. आमच्यातले काही जण साहेबांच्या बंगल्यावर जायचं म्हणून उठले होते. त्यांना गाडीची चावी काढून घेऊन थांबवावं लागलं.

बोलणी करायचा हक्क कुणाचा

एकच युनियन असेल तर नियमांतल्या अटी पूर्ण केल्यावर तीच बोलणी करते. दोन-तीन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के किंवा अधिक कामगारांचा पाठिंबा असेल ती एकटी. कुणालाच ५१ मिळत नसतील तर बोलणी परिषद होते. किमान वीस टक्के पाठिंबा असलेल्या युनियनना तिथं जागा मिळते, दर वीस टक्क्यांना एक प्रतिनिधी. मान्यता तीन वर्षांची, दोघांनी ठरवलं तर पाचपर्यंत.

कागदावर मान्यता एकीकडं आणि माणसं दुसरीकडं असं झालं की काय होतं ते मुंबईनं बघितलंय. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात कायद्यानं बोलायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा होता आणि सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागं गेले होते. टेबलावर बसायचा अधिकार असलेल्यांच्या मागं माणसं नव्हती, माणसं ज्यांच्या मागं होती त्यांना टेबल नव्हतं. त्या काळात आमच्याकडच्या कितीतरी घरांत मुंबईची मनिऑर्डर यायची थांबली. म्हणून दुसरी युनियन शॉपमध्ये असेल तर तिच्या सेक्रेटरीशी मालकाच्या आधी बोला.

मागण्यांच्या आधी पंखा

वीस किंवा अधिक कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती हवी. दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत, अध्यक्षपद आळीपाळीनं. तक्रार घडल्यापासून वर्षाच्या आत द्यायची, समितीनं तीस दिवसांत निकाली काढायची. नाही पटलं तर साठ दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडं, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडं, जाता येतं.

लोक या समितीला किरकोळ समजतात. आमची गाडी खरी रुळावर आली ती शेकआउटच्या एक्झॉस्ट पंख्यामुळं. दोन वर्षं तो बंद होता, धुळीनं समोरचा माणूस दिसायचा नाही. आम्ही पगाराचा विषयच काढला नाही. पंखा कधी बंद पडला, मेंटेनन्सच्या रजिस्टरला किती वेळा नोंद झाली, त्या खात्यातले किती जण खोकल्यानं रजेवर गेले, एवढंच एका पानावर दिलं. अठराव्या दिवशी पंखा फिरला. वर्गणी न देणारे बावीस जण त्या आठवड्यात पावती फाडायला आले. आणि प्लँटच्या साहेबांनाही कळलं की ही माणसं कागद आणतात, दगड नाही.

मागणीपत्र: इथं वेळ घालवा

बहुतेक मागणीपत्रं दुसऱ्या कंपनीच्या मागणीपत्राची नक्कल असतात. चाळीस मागण्या, पहिली दहा हजार पगारवाढ, शेवटची क्रिकेटचं सामान. मालक ते बघून हसतो आणि सहा महिने उत्तर देत नाही. मागण्या बारा-पंधराच ठेवा आणि प्रत्येकीचा खर्च स्वतः काढा.

समजा १८० पर्मनंट कामगार आहेत आणि तुम्हाला बेसिक-डीएमध्ये (मूळ पगार आणि महागाई भत्त्यात) तीन हजारांची वाढ हवी. कंपनीला ती तीन हजारांत पडत नाही. पूर्ण बेसिकवर पीएफ भरत असतील तर १२ टक्क्यांनी ३६० रुपये. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांची, सव्वीसनं भागून, म्हणजे महिन्याला सुमारे १४४. झाले ३,५०४. गुणिले १८० म्हणजे महिना ६,३०,७२० आणि वर्षाला ७५,६८,६४० रुपये. पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवरच भरत असतील तर त्यातले ३६० वगळा. ओव्हरटाइम किमान दुप्पट दरानं असतो, त्याचाही बोजा वाढतो, तो मागच्या वर्षीच्या तासांवरून काढा.

आता हाच आकडा मालकाच्या भाषेत न्या. कारखाना महिन्याला ६०० टन कास्टिंग काढत असेल तर ही वाढ किलोमागं एक रुपया पाच पैसे पडते. आणि रिजेक्शन (खराब निघून परत जाणारा माल) एक टक्क्यानं खाली आणलं तर सहा टन माल वाचतो. तो पुन्हा वितळवायचा, मोल्ड करायचा, घासायचा खर्च किलोला तीस रुपये धरला तर १,८०,००० रुपये. म्हणजे मागितलेल्या वाढीतला चौथा हिस्सा तिथंच निघतो. हे गणित मी पहिल्यांदा टेबलावर मांडलं तेव्हा अकाउंट्सच्या साहेबांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून विचारलं, "हे तुम्हाला कुणी करून दिलं?" कोअर शॉपमधल्या आमच्या एका पोरानं, बारावी सायन्स.

वाढ कुठल्या खात्यात घ्यायची हे रकमेइतकंच महत्त्वाचं. कंपनी भत्त्यांत देऊ बघते. वेतन संहितेप्रमाणं भत्ते वगैरे मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो, त्यामुळं जुनी युक्ती आता तितकी चालत नाही. तरी बेसिक आणि डीएचाच आग्रह धरा. पीएफ, ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइम सगळं त्यावर चालतं. डीए गोठवलेला असेल तर तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधून घ्या. लेबर ब्युरो तो दर महिन्याला काढतं, पायाभूत वर्ष २०१६.

आणि एक खड्डा, ज्यात आम्ही स्वतः पडलो. ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) पगारमर्यादा महिना २१,००० आहे. आमच्यातले साठेक जण वीस-साडेवीस हजारांवर होते. वाढ झाली, पेढे वाटले, आणि चालू कालावधी संपल्यावर त्यांचं ईएसआय बंद झालं. त्यातल्या एकाच्या बायकोचं डायलिसिस चालू होतं. ती वाढ त्याला किती महागात पडली ते मी इथं लिहीत नाही. मर्यादा ओलांडणाऱ्यांची यादी आधी काढा आणि त्यांच्यासाठी मेडिक्लेम मागणीपत्रातच घाला, विम्याची रक्कम आणि कुटुंबातले कोण कोण ते नमूद करून.

ठेकेदाराच्या माणसांसाठी किमान दोन मागण्या तरी हव्यातच. पगार सात तारखेच्या आत बँकेत, आणि पीएफ-ईएसआय भरल्याची नोंद दर महिन्याला युनियनला दाखवणं. पर्मनंट लोक कधीकधी कुरकुरतात, 'आपल्या भांडणात त्यांचं कशाला'. संपाच्या दिवशी मशीन कोण चालवणार, एवढंच त्यांना विचारा.

टेबलावर

पाचजण जा. एकजण बोलेल, एकजण लिहील, तिघे गप्प बसतील. गप्प बसणं सगळ्यात अवघड काम आहे, त्याला माणूस निवडून न्या. पहिल्या बैठकीत पैशावर जाऊ नका. युनिफॉर्म, कॅन्टीन, रजा असे दोन-तीन विषय मिटवा आणि त्याच दिवशी दोघांच्या सह्यांचं इतिवृत्त करा. समोरचा सही करायला शिकतो.

कंपनी उत्पादनाचा आकडा मागणारच. शिफ्टला १४० मोल्ड होतात, १६० द्या, असं म्हणेल. लगेच नाही म्हणू नका आणि लगेच हो तर मुळीच नको. वाळू वेळेवर येते का, पॅटर्न बदलायला किती वेळ जातो, क्रेनसाठी किती थांबावं लागतं, हे आठवडाभर घड्याळ लावून लिहा. आमच्याकडं शिफ्टमधली ५० मिनिटं क्रेनची वाट बघण्यात जात होती. कंपनीनं क्रेनची व्यवस्था सुधारली, आकडा वर गेला, आणि इन्सेंटिव्ह १४१ व्या मोल्डपासून ठरला.

बैठकीत 'बघतो', 'करू की', 'वर बोलतो' हे शब्द वहीत तसेच्या तसे लिहा, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात ते वाचून करा. बाहेर गेटवर वाट बघणाऱ्यांना मात्र रोज सांगा काय झालं ते. लपवलेली बैठक म्हणजे 'सेक्रेटरी मॅनेज झाला'.

अडलं तर

समेट अधिकाऱ्याकडं जा. समेट सुरू झाल्यापासून ४५ दिवसांत ती उरकायची असते. संपाची नोटीस असेल तर १४ दिवसांत. तिथं भाषण करू नका, तीन पानी टिपण द्या: मागणी काय, कंपनीनं कुठवर मान्य केलं, फरक किती. अधिकाऱ्याकडं त्या दिवशी आणखी सात प्रकरणं असतात. समेट फसली तर त्या अहवालानंतर ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडं अर्ज करता येतो. तारीख वहीत लाल पेनानं लिहा.

संप

नोटीस दिल्यापासून चौदा दिवस झाल्याशिवाय संप करता येत नाही, आणि ती नोटीस साठ दिवसांपुरतीच. समेट चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप बेकायदा. न्यायाधिकरणापुढं प्रकरण असताना आणि नंतर साठ दिवसही. आता जरा नीट बघा: नोटीस दिली की समेट सुरू होते आणि समेट सुरू झाली की संप करता येत नाही. म्हणजे नोटीस हा बहुतांशी समेटीच्या टेबलाचा रस्ता आहे, तसाच तो वापरा. 'सगळे रजा टाकूया' ही पळवाटही बंद झाली. निम्मे किंवा जास्त कामगार ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले तर तोही संपच.

बेकायदा संपाला कामगाराला एक ते दहा हजार दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बेकायदा टाळेबंदीला मालकाला पन्नास हजार ते एक लाख दंड किंवा तेवढीच कैद, किंवा दोन्ही.

कायद्याबाहेरचं एक. भट्टीत धातू असताना कुणीही जागा सोडायची नाही. धातू थिजला तर भट्टीचं अस्तर जातं, आणि तुमचं आंदोलन त्या क्षणी तोडफोड ठरतं. आम्ही शेवटचं लॅडल (धातू ओतायचं भांडं) रिकामं करून, भट्टी कंपनीच्या माणसाला दाखवून, रजिस्टरला सही घेऊन बाहेर पडलो होतो. ती सही पुढं चौकशीत तिघांची नोकरी वाचवून गेली.

आणि पोटाचा हिशेब. करवीर, पन्हाळा, कागलकडून गाडीवर येणाऱ्याच्या घरी थोडाफार ऊस असतो, साखर कारखान्याचं बिल जमा झालं असेल तर तो महिनाभर तग धरतो. खोलीभाडं भरून राहणारा बिहारचा पोरगा दहाव्या दिवशी गावाकडची गाडी बघतो. तारीख ठरवताना या बिहारच्या पोराला धरून ठरवा.

करार

समेटीबाहेर झालेला करार सही करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला सगळ्या कामगारांना लागू होतो, उद्या भरती होणाऱ्यालाही. दुसरी युनियन असेल तर शक्यतो समेट अधिकाऱ्यासमोरचाच करा.

वाचताना या जागा बोट ठेवून तपासा. करार कधीपासून, मुदत किती (मुदत लिहिली नाही तर सहा महिने धरतात). वाढ तीन वर्षांत कशी वाटलीय: कंपनी शेवटच्या वर्षी जास्त देऊ बघते, तुम्ही पहिल्या वर्षी जास्त मागा. फरक (मागच्या महिन्यांची थकलेली वाढ) किती हप्त्यांत. मागचा करार संपून आठ महिने झाले असतील तर तीन हजारांच्या हिशेबानं माणशी २४,००० होतात, ते 'सोयीनुसार' नको, तारीख हवी. मधल्या काळात निवृत्त झालेल्यांना फरक मिळणार का: हे कलम नसेल तर मिळत नाही, आणि ती म्हातारी माणसं तुमच्या दारात येऊन बसतात. आंदोलनातले मेमो, चौकश्या, निलंबनं मागं घेतल्याचं कलम, नावानिशी. नवीन आकड्याएवढं उत्पादन वाळू, वीज, क्रेनमुळं झालं नाही तर कामगार जबाबदार नाही, हे वाक्य. आणि पगार, कामाचे तास, रजा यांत बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस लागते, ती कराराच्या कुठल्याही ओळीनं माफ होत नाहीय ना, ते.

सहीच्या आदल्या रात्री मसुदा पूर्ण वाचून दाखवा, मराठीत आणि हिंदीत. आमच्याकडं तालमीत माईक नव्हता, पावणेतीन तास लागले, आणि शेवटच्या रांगेतल्या एकानं विचारलं, "नाईट अलाउन्स कुठं गेला?" तो टायपिंगमध्ये गळला होता.

करारानंतरच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक खात्यातल्या दोन पगारपत्रकांची झेरॉक्स गोळा करा आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. आमच्या पहिल्या करारात फेटलिंगच्या अकरा जणांना १७० रुपये कमी आले होते. पत्र दिलं, शिक्का घेतला, पुढच्या पगारात जमा झाले.